हस्तनिर्मित कशास म्हणावे?

काही शब्द रोजच्या वापराने इतके गुळगुळीत होऊन जातात की त्यांनी नेमके काय सांगितले, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. आणि मग एखाद्या क्षुल्लक प्रसंगी त्यांचा अर्थ लावण्याची वेळ आली, म्हणजे चार शहाणी माणसे चार दिशांना तोंडे करून उभी राहतात. 'हस्तनिर्मित' हा असाच एक शब्द आहे. साबण हस्तनिर्मित असतो, कागद हस्तनिर्मित असतो, चॉकलेटही हस्तनिर्मित असते, आणि सणासुदीला आपण आप्तेष्टांस पाठवितो ती शुभेच्छापत्रेही हस्तनिर्मित असतात. साबण-चॉकलेटांचे ग्राहक आणि दुकानदार आपसांत पाहून घेतील. शुभेच्छापत्राचा प्रश्न मात्र बदलीच्या नोकरीतील माणसांस अंमळ अधिक जवळचा आहे. आईवडील एका गावी, बहीण दुसऱ्या गावी, आणि आपण सरकारने नेमून दिलेल्या तिसऱ्याच शहरी, अशी ज्यांची स्थिती, त्यांच्या कित्येक नात्यांची वर्षभराची भिस्त कागदाच्या एका घडीवर असते. ती घडी कोणी आणि कशी केली, याची चौकशी करणे अगदीच रिकामपणाचे म्हणता येणार नाही.

चौकशीस निमित्त घडले ते असे. येथे रायपुरात गेल्या संक्रांतीच्या सुमारास काही मराठी कुटुंबांच्या एका मेळाव्यात मुलांसाठी हस्तनिर्मित शुभेच्छापत्रांची स्पर्धा ठेवली होती. आमच्याकडे त्यात काही काम नव्हते. आम्ही केवळ प्रेक्षक होतो. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने काळ्या चंद्रकळेच्या पदरावर हलव्याचे दागिने मांडले आहेत, असे चित्र केले होते. ते तिने घरच्या संगणकावर इंकस्केप नावाच्या, कोणासही विनामूल्य मिळणाऱ्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेखाटले, बाजारात जाऊन जाड कागदावर छापून घेतले, आणि मग घरी येऊन स्वतः कापले, दुमडले, हलव्याच्या माळेपुरते कातरीने उठावदार केले. परीक्षकांनी ते बाजूस ठेवले. कारण, ते हस्तनिर्मित नव्हे. ते संगणकाने केलेले. बक्षीस मिळाले ते दुसऱ्या एका पत्रास. त्यात दुकानातून आणलेल्या पाकिटातील चिकटफुले, तयार जरीची किनार आणि छापील 'तिळगूळ घ्या' ही पट्टी, एवढे सारे डिंकाने नीटनेटके डकविले होते. त्या मुलाचे श्रम खोटे होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु चित्रातील प्रत्येक रेषा जिने स्वतः योजिली तिचे काम हाताचे नव्हे, आणि ज्यात एकही रेषा करणाऱ्याची नाही ते मात्र हाताचे, हा निकाल ऐकून पालकांत बराच वेळ कुजबुज चालली. परीक्षक आपल्या जागी अगदी प्रामाणिक होते. 'हात' या शब्दाचा त्यांनी सरळ अर्थ घेतला होता: डिंक हाताला लागतो, संगणक लागत नाही.

हा अर्थ किती पुरतो, ते प्रथम पाहू. हाताने काही करावयाचे म्हणजे नखांनीच करावयाचे असे कोणी म्हणत नाही. लेखणी हे साधन, कुंचला हे साधन, कातर तर दोन पात्यांचे आणि एका खिळ्याचे यंत्रच. पुण्यास १९४० साली हातकागदाची संस्था निघाली. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून आलेल्या त्या धंद्यात कागद हातकागद ठरतो, तो लगद्याच्या हौदात चौकट बुडवून प्रत्येक ताव वेगळा उचलला जातो म्हणून; त्याआधी चिंध्यांचा लगदा करण्यास यंत्र लाविले, एवढ्याने कोणी त्याचे नाव काढून घेत नाही. म्हणजे यंत्र कोठे आले याला महत्त्व आहे. ते आले की नाही, एवढ्यावर निकाल लागत नाही. आणि अक्षरांचे काय? आपल्या केंद्रीय कचेऱ्यांत हिंदीचे टंकन वर्षानुवर्षे ज्या 'मंगल' नावाच्या वळणात होत आले आहे, ते वळण रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी कवीने आणि सुलेखनकाराने घडविले आहे. १९३६ ते २००८ असे त्यांचे आयुष्य. बोरू आणि कुंचला यांवर त्यांचा हात बसलेला होता, आणि मुंबईच्या आयआयटीत त्यांनी पुष्कळांस अक्षर पाहावयास शिकविले. रोज सकाळी आपण ज्या अक्षरांत 'आवश्यक कार्यवाहीसाठी सादर' असे काढतो, त्यांच्या पोटात एका मराठी माणसाचा हात आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानी असते? मग आपले टिपण त्या मानाने हस्तनिर्मित म्हणावे काय? कोणी म्हणणार नाही. त्यात हात आहे खरा, पण तो आपला नाही.

स्वयंपाकघरातील भाषा या बाबतीत परीक्षकांहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे मोदक दोन प्रकारचे असतात, साच्यातले आणि हातवळणीचे. दोहोंत उकड तीच, सारण तेच, आणि साचा दाबणाराही हातच. तरी कोणतीही गृहिणी साच्यातल्या मोदकास हातवळणीचा म्हणणार नाही. म्हटले तर ते लबाडीचे होईल हे तिला ठाऊक असते. कारण हातवळणीच्या मोदकात प्रत्येक कळी पाडताना ती ओढावी किती, चिमटावी किती, याचा निर्णय बोटांनी त्या त्या वेळी केलेला असतो. साच्यात तो निर्णय साचा करणाऱ्याने एकदाच आणि सर्वांसाठी करून ठेवलेला असतो. भेद आहे तो येथे. निर्णय कोणाचा, हे महत्त्वाचे. बोटांना पीठ लागले की नाही, हे नव्हे.

हाच गज घेऊन त्या मुलीच्या कामाकडे पाहिले तर काय दिसते? ज्यांनी अशा सॉफ्टवेअरवर कधी काम केले नाही त्यांची समजूत अशी असते की, कळ दाबली की चित्र येते. वस्तुतः तेथे एक वळणदार रेघ काढावयाची तर आधी बिंदू ठेवावे लागतात आणि प्रत्येक बिंदूला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या दांड्या ओढून वळण साधावे लागते. १९६०च्या दशकात रेनॉ या फ्रेंच मोटार कारखान्यातील पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याचे वळण यंत्रास कळावे म्हणून ही रीत चालविली. तिच्यावर आज आमच्या येथे छापल्या जाणाऱ्या लग्नपत्रिकांतील गणपतीची सोंडही वळते. पदराची एक चुणी नैसर्गिक पडावी म्हणून दहा ठिकाणी बिंदू हलवावे लागतात. कापड, किनार आणि दागिने हे एकावर एक पारदर्शक कागद ठेवावे तसे वेगवेगळ्या थरांवर काढतात. सोंड ओढताना बोट चुकले तर एका कळीने मागचे सारे पूर्ववत होते, ही मोठी सोय खरी. पण कोठे चुकले हे ती कळ सांगत नाही. ते डोळ्यांनाच कळावे लागते.

या 'पूर्ववत' करण्याच्या सोयीविषयी एका वृद्ध स्नेह्यांनी त्या दिवशी असा आक्षेप घेतला की, हाताच्या कामात डाग पडतो, खाडाखोड राहते, तीच त्याच्या खरेपणाची खूण. संगणकात पश्चात्तापास जागाच नाही. आक्षेप ऐकावयास गोड आहे, आणि कारकुनास तर तो विशेषच भावावा. कचेरीच्या नोंदवहीत चुकलेला आकडा खरवडून काढण्याची आपणांस बंदी असते. त्यावर एक रेघ ओढून, खालचे वाचता येईल अशा बेताने, शेजारी आद्याक्षरे करावयाची असतात. चूक दिसली पाहिजे हा हिशेबाचा धर्म आहे. परंतु शुभेच्छापत्र म्हणजे हिशेबाची वही नव्हे. पूर्वी कागदावर रंगवितानाही मनासारखे न उतरलेले चार कागद चुलीत जात आणि पाचवा टपालात पडे. त्या चारांची खूण पाचव्यावर कोठे राहत असे? राहतो तो निर्णयच: हा नको, हा असू द्यावा.

परीक्षकांपैकी एका बाईंचा दुसरा आक्षेप मात्र अधिक मर्मावर होता. त्या म्हणाल्या, "मुलीने हलव्याचा एक दाणा काढला आणि तोच शंभरदा उमटविला. आम्ही हलवा करतो तेव्हा परातीत हात फिरवीत, पाक चमच्या-चमच्याने सोडीत, तासन् तास बसतो, तेव्हा कुठे काटा येतो." यास उत्तर देणे सोपे नाही. परातीतही शेकडो दाण्यांवर हात एकदमच फिरत असतो, प्रत्येक दाण्याची कोणी वेगळी विचारपूस करीत नाही, असे म्हणता येईल. रांगोळीचा ठसा, करंजीचे कातण, चकलीचा सोऱ्या ही पुनरावृत्तीचीच साधने आहेत, असेही म्हणता येईल. तरी बाईंच्या बोलण्यात जे खरे होते ते उरतेच. परातीतला दुसरा घाणा पहिल्याइतकाच वेळ खातो. संगणकावरची दुसरी प्रत काहीच खात नाही. श्रम, वेळ, पाक, यांतले काहीही दुसऱ्या प्रतीस लागत नाही. आणि दुसरीस लागत नाही ते शंभराव्या प्रतीसही लागत नाही. आमच्या मते या नव्या साधनाचा नैतिक प्रश्न एवढाच आहे, आणि तो दाण्याच्या प्रतीपेक्षा संपूर्ण पत्राच्या प्रतीशी निगडित आहे.

या ठिकाणी शुभेच्छापत्राचा जन्म कसा झाला हे सांगितले पाहिजे, कारण ती कथा आपल्या वर्गास विशेष गमतीची वाटेल. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक सरकारी नोकर होते. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत टपाल जाऊ लागले. त्या सुधारणेच्या खटपटीत त्यांचाही हात होता. टपाल स्वस्त झाले तशी पत्रे वाढली, आणि १८४३च्या नाताळात सर्वांस उत्तरे लिहिण्यास सवड होईना, तेव्हा त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून ते छापून घेतले. सुमारे एक हजार प्रती निघाल्या. प्रत्येकीत रंग मात्र हाताने भरले होते. किंमत एक शिलिंग. आणि त्यावर 'कोणास' आणि 'कोणाकडून' या दोन गोष्टींसाठी कोरी जागा सोडली होती. म्हणजे शुभेच्छापत्र हे मुळातच एका कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या सरकारी नोकराने काढलेला छापील नमुना आहे, ज्यातील रकाने भरून तो रवाना करावयाचा! रंग हाताने भरलेले असल्यामुळे ते 'हस्तनिर्मित' ठरले नाही, आणि छापील असल्यामुळे ते खोटेही ठरले नाही. कोल यांनी कोणास फसविले नव्हते. सर्वांस सारखेच पाठवीत आहोत हे त्या पत्राच्या तोंडावरच लिहिलेले होते.

रतनपुरास १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांचा कारभार होता; नागपूरकरांच्या त्या अमदानीत या मुलखातही मोडी कागद लिहिले गेले. त्या काळच्या मराठी पत्रांकडे पाहिले तर हाच प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. पत्र मोठ्या माणसाचे, पण अक्षर कारकुनाचे. मायना, मजकूर, वळसे सारे कारकुनाच्या हातचे. खाली शिक्का पडला की पत्र धन्याचे झाले. त्यामुळे जेव्हा एखादे पत्र खरोखरच धन्याने स्वतः लिहिलेले असे, तेव्हा त्यास 'स्वदस्तुर' असा वेगळा शब्द होता, आणि त्याचे मोल वेगळे होते. आमच्या पूर्वीच्या कारकुनांस दोन्ही प्रकारच्या पत्रांचा मान ठाऊक होता. एकास दुसरे म्हणण्याची मुभा मात्र कोणास नव्हती. आजही अर्धशासकीय पत्र पाहावे. सारा मजकूर आपण तयार केलेला, टंकलिखित, साहेबांनी फार तर दोन शब्द बदललेले. पण वरचे 'प्रिय श्री अमुक' आणि खालचे 'आपला' एवढे दोन शब्द साहेब शाईने स्वतः लिहितात. कोणत्या शहाण्याने ही चाल पाडली कोण जाणे. पण तिच्यात मोठी सचोटी आहे. जे यंत्राचे ते यंत्राच्या अक्षरात, जे माणसाचे ते माणसाच्या. पत्र हाती घेणाऱ्यास पहिल्याच दृष्टिक्षेपात कळते की, यात माझ्यासाठी म्हणून किती आहे. संगणकावरच फाइल चालू लागल्यापासून आणि सही सांकेतिक झाल्यापासून हे दोन शब्दही हळूहळू छापील होत चालले आहेत, आणि त्यात आपले काही गेले असे फारसे कोणास वाटत नाही.

आता गोष्ट उघड होते. एखाद्याने संगणकावर एक सुरेख चित्र केले आणि पन्नास आप्तांस तेच पाठविले, तर त्यात काहीच वावगे नाही. कोल यांनी तेच केले. परंतु त्याच पत्रावर 'खास तुझ्यासाठी, माझ्या हाताने' असे छापले, आणि तेही हस्ताक्षरासारख्या दिसणाऱ्या संगणकी वळणात, आणि पन्नास नावांची यादी जोडून प्रत्येक पत्रात एकेक नाव यंत्राकडूनच भरविले, तर? नावांची यादी एका मसुद्यास जोडून शेकडो पत्रे एका दमात काढण्याची युक्ती आपण कचेरीत रोज वापरतो. स्मरणपत्रांस ती फार छान. तिच्यातून निघालेल्या 'खास'ला मात्र खास म्हणवत नाही.

यावर कोणी असे विचारील की, घेणाऱ्यास कळलेच नाही तर बिघडले कोठे? आई ऐंशी वर्षांची. तिला पत्र सुंदर दिसले, नाव तिचे आहे, तिने शेजारणीस दाखविले, उशाशी ठेवले. तिचा आनंद तर खराच ना? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण सगळ्या विषयाचा कस येथेच लागतो. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील असेच दूर, एकटे, आणि पत्रातील खरेखोटे ओळखण्याच्या पलीकडे गेलेले आहेत.

आमचे उत्तर आमच्या धंद्यातून येते. प्रमाणपत्रांच्या प्रती साक्षांकित करण्याचे काम पूर्वी राजपत्रित अधिकाऱ्याकडे असे. २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारने उमेदवाराच्या स्वतःच्याच साक्षांकनास उत्तेजन दिले आणि ती रांग पुष्कळशी मिटली. त्या जुन्या दिवसांतील एक दृश्य सर्वांस आठवत असेल: अधिकारी घाईत आहे, समोर प्रतींचा गठ्ठा आहे, आणि मूळ कागद न पाहताच तो सटासट शिक्के मारीत आहे. प्रती बहुधा शंभर टक्के बरोबर असत. उमेदवार प्रामाणिक, गुण तेच, कोणाचे रतीभर नुकसान नाही. तरीही 'मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले' हे त्याखालचे वाक्य खोटे होते. प्रत खरी आणि साक्ष खोटी, असे होऊ शकते. वाचणाऱ्यास ते कधीच कळणार नाही म्हणून ती साक्ष खरी होत नाही. कारण साक्ष प्रतीविषयी नव्हतीच, ती पाहणाऱ्याविषयी होती. 'मी पाहिले' असे तिने सांगितले होते, आणि त्याने पाहिलेले नव्हते.

'हस्तनिर्मित' आणि 'खास तुझ्यासाठी' ही विशेषणे कागदाचे वर्णन करीत नाहीत. ती पाठविणाऱ्याची साक्ष आहेत. 'हे करीत असताना तू माझ्या डोळ्यांपुढे होतीस' एवढेच त्यांचे म्हणणे. आई ते ओळखू शकत नाही, यामुळे उलट आपली जबाबदारी वाढते. ज्यास पडताळून पाहता येते त्याच्याशी खोटे बोलण्यात निदान पकडले जाण्याचा धोका तरी असतो. तिच्या आनंदास कोणी हात लावावा असे आमचे म्हणणे नाही. तो आनंद ज्या गोष्टीचा तिला झाला, ती गोष्ट घडलेली असावी, एवढेच मागणे आहे.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. पत्र ज्यास पाठवावयाचे तो माणूस बदलला असता, तर पत्र बदलले असते काय? मुलीच्या त्या चित्रात चंद्रकळा होती, कारण तिच्या आजीच्या पेटीत तशी एक आहे, असे तिने विचारल्यावर सांगितले. आजीऐवजी आत्यास पाठवावयाचे असते तर ती चंद्रकळा तेथे नसती. हे काम हाताचे. ते संगणकावर झाले याचे आम्हांस काही वाटत नाही. उलट २०१३ साली ऑस्ट्रेलियातून निघालेल्या कॅनव्हासारख्या सोयींवर जे हजारो तयार नमुने मिळतात, त्यांतील एक उचलून नाव घालणे हे साच्यातल्या मोदकासारखे. खावे, वाटावे, पण हातवळणीचा म्हणू नये. आणि २०२२ पासून तर दोन ओळींची फर्माइश लिहिली की चित्र आणि मजकूर दोन्ही बनवून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. तेथे रेष कोठून न्यावी हा निर्णयही आपला नाही आणि काय म्हणावे हाही नाही. उरते ती फर्माइश. ती मनापासून केलेली असू शकेल. तिला फर्माइश म्हणावे, एवढीच आमची अट.

वस्तू एकुलती एक असली म्हणजे ती मनापासून दिलेली ठरते, असे कोणी म्हणेल, तर त्यांनी आमच्या या राज्यातील कचेऱ्यांचे सत्कारसमारंभ पाहावेत. बस्तरात कोंडागावच्या बाजूस ढोकरा कारागीर मेणाची आकृती करतात, तिच्यावर माती लिंपतात, मेण वितळून त्या जागी पितळ ओततात आणि मग मातीचा साचा फोडून टाकतात. त्यामुळे एका मूर्तीसारखी दुसरी कधी निघतच नाही. हाताच्या कामाचा याहून शुद्ध नमुना शोधून सापडणार नाही. आणि अशा मूर्ती समारंभाच्या आदल्या दिवशी घाऊक आणून, ओळीने टेबलावर मांडून, ज्याचे नाव पुकारले जाईल त्याच्या हाती दिल्या जातात. हात कारागिराचा, देणाऱ्याचे त्यात एक बिल तेवढे. याच भूमीतील भोजलीची चाल मात्र पाहावी. श्रावणात टोपलीत गहू पेरून ते अंधारात वाढवितात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्या पिवळसर अंकुरांचे विसर्जन होते, आणि काही अंकुर मैत्रिणी एकमेकींच्या कानांवर खोवतात. ज्या दोघींनी असे केले त्या जन्मभरच्या 'भोजली' झाल्या. पुढे एकमेकींस नावाने हाक मारावयाची नाही, भोजली म्हणूनच हाक मारावयाची. अंकुर सगळे सारखेच असतात, त्यांत कलाकुसर काडीचीही नाही. पण ते पेरून इतके दिवस सांभाळलेले असतात, आणि कोणाच्या कानी खोवावयाचे हे ठरलेले असते. आपल्या आपट्याच्या पानाची मातब्बरीही अशाच जातीची.

एक अडचण उरते, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय सोडणे बरे नव्हे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. कंपवाताने त्यांचा हात थरथरतो. कागदावर त्यांस सरळ रेघ ओढता येत नाही. नातवाने त्यांस पाटीसारख्या पडद्यावर लेखणीने काढावयाचे सॉफ्टवेअर दिले. त्यात हाताचा कंप गाळून रेष सफाईने उमटविण्याची सोय आहे. त्यांनी अनेक दिवस बसून, पुसून, पुन्हा काढून, वाईच्या घाटाचे एक चित्र केले आणि ते बहिणीस धाडले. येथे हात कोणता म्हणावा, थरथरणारा की थरथर गाळणारा? १९५६ साली एरिख श्टेगमन यांच्या पुढाकाराने तोंडाने आणि पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांची एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिची शुभेच्छापत्रे आपल्या घरीही कधी ना कधी आली असतील. त्या चित्रांस हात लागलेलाच नसतो, आणि आपल्यापर्यंत पोहोचतात त्या तर छापील प्रती. परीक्षकांच्या कोशाप्रमाणे ती कशातच बसणार नाहीत. त्या गृहस्थांच्या घाटाबद्दल आमच्या कसोटीस काही शंका नाही: बहीण त्याच घाटावर लहानपणी घसरून पडली होती, आणि चित्रात ती पायरी किंचित गडद रंगविली आहे.

स्पर्धेच्या चालकांस आम्ही इतकेच लिहून कळविले की, पुढील संक्रांतीस साधनांची यादी करीत बसू नये. प्रत्येक मुलाने पत्राच्या आतल्या बाजूस, कोणास आणि का, हे दोन ओळींत स्वतःच्या अक्षरात लिहावे. परीक्षकांनी मुलास समोर बोलावून, हा रंग का घेतलास, ही वस्तू येथे का ठेविलीस, असे दोन प्रश्न करावे. आणि स्पर्धा संपल्यावर पत्रे भिंतीवर न लावता ज्याची त्यास टपालाने जावीत. शेवटच्या सूचनेस चालकांकडून तिकिटांच्या खर्चाची हरकत येण्याचा संभव आहे.

घेणाऱ्याच्या बाजूनेही थोडे पाहता येते. बदलीचे सामान बांधताना काय ठेवावे आणि काय टाकावे याचा निवाडा फार निर्दय असतो. भ्रमणध्वनीवर दिवाळीच्या सकाळी येणाऱ्या दिव्यांच्या चित्रांचा निवाडा तर त्याच रात्री, जागा भरली म्हणून, होऊन जातो. जबलपूर, बिलासपूर आणि रायपूर अशा तीन ठिकाणांच्या प्रवासात आमच्या पेटीत कागदाची नऊ पत्रे टिकली आहेत. त्यांतील आठ रंगांनी किंवा शाईने केलेली आहेत. दोघांचे अक्षर तर वाचवतही नाही. नववे संपूर्ण संगणकावर केलेले आहे. बिलासपूरच्या आमच्या एका सहकाऱ्याने ते पाठविले; त्यात आमच्या जुन्या विभागाची खिडकी आहे, तिची एक काच फुटलेली आहे, आणि त्या जागी लावलेल्या पुठ्ठ्यावर, भिंग लावले तर वाचता येईल एवढ्या बारीक अक्षरात, आम्ही दोघांनी मिळून तीनदा सुधारलेल्या एका मसुद्याचा जावक क्रमांक घातलेला आहे.